शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची, जपणूक सहा आठवड्यांची

(संस्थेच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर अनेक जाणकार मंडळी बोलून गेली. आम्ही डॉक्टर नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून, एवढीच आमची ओळख. तेव्हा डोळ्यांविषयी बोलायला संस्थेने आम्हाला का उभे केले, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर साधे आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या डाव्या डोळ्यात वाढलेले मांस शस्त्रक्रियेने काढण्यात आले. शस्त्रक्रिया कशी करायची हे डॉक्टरांनी सांगावे. पण शस्त्रक्रिया झाल्यानंतर घरी आल्यावर काय होते, काय करावे लागते आणि कोणाला ते करता येत नाही, हे रोग्यानेच सांगितलेले बरे. आजचा आमचा विषय तेवढाच आहे.

प्रथम हा आजार काय आहे ते पाहू. आपल्या विदर्भात पुष्कळ माणसांच्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून, काळ्या बुबुळाच्या दिशेने सरकत येणारा गुलाबी, मांसल पडदा दिसतो. आपण त्याला 'डोळ्यात मांस आले' म्हणतो. हिंदी बोलणारे शेजारी 'नाखूना' म्हणतात. डॉक्टरी भाषेत त्याचे नाव टेरिजियम. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ लहानसा पंख, आणि आकारही तसाच, पंखासारखा तिकोनी असतो. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'अर्म' या नावाने त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि तो आकड्याने उचलून कापण्याची रीतही दिली आहे.

पुष्कळजण याला मोतीबिंदू समजतात. ते खरे नाही. मोतीबिंदू डोळ्याच्या आत, भिंगात होतो. हे मांस डोळ्याच्या पृष्ठभागावर, पांढऱ्या भागावरील पातळ पडद्यातून वाढते आणि बुबुळासमोरच्या काचेसारख्या पारदर्शक भागावर चढते. त्या भागाला पारपटल म्हणतात. मांस लहान असेल तोवर डोळा लाल होणे, चुरचुरणे, पाणी येणे एवढाच त्रास होतो. वाढले की पारपटलाचा गोलावा बिघडतो आणि चष्म्याचा तिरका नंबर वाढतो. आणखी पुढे जाऊन ते बाहुलीसमोर आले, तर दृष्टीच अडते.

हे होते कशाने? मुख्य कारण ऊन, म्हणजे उन्हातले अतिनील किरण. त्याला जोड धूळ, कोरडा वारा आणि धूर यांची. विषुववृत्ताच्या उत्तरेस आणि दक्षिणेस सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा आजार अधिक आढळतो. आपला बहुतेक सारा देश त्या पट्ट्यात येतो. नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा कसा असतो हे या सभागृहात बसलेल्यांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात जो घरात बसू शकतो तो वाचतो. ज्याला स्लॅबवर, रस्त्यावर, शेतात, वीटभट्टीवर उभे राहावे लागते, त्याच्या डोळ्यात हे मांस येते. म्हणून हा आजार कष्टकऱ्यांचा आहे. आमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो झाला, त्याचे कारण वयाच्या पंचविशीपर्यंत आम्हीही सुटीत बांधकामावर जात होतो. ऊन अंगावर पडते त्या दिवशी काही कळत नाही. त्याचा हिशेब डोळा वर्षानुवर्षे मांडत असतो.

प्रत्येक मांस कापावेच लागते असे नाही. लहान असेल आणि वाढत नसेल तर चांगला चष्मा आणि डोळा ओला ठेवणारे थेंब एवढ्यावर भागते. ते बाहुलीकडे सरकू लागले, नंबर बदलू लागला, सारखी आग होऊ लागली किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची असून मांस मध्ये येत असेल, तर डॉक्टर काढायला सांगतात.

शस्त्रक्रियेची धास्ती बाळगू नये. डोळ्यात बधिर करणारे थेंब घालतात, बाजूला इंजेक्शन देतात. माणूस जागा असतो. साधारण अर्ध्या तासात काम होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. पूर्वी मांस कापून खालची जागा तशीच उघडी सोडत. त्यामुळे पुष्कळांच्या डोळ्यात ते पुन्हा उगवे. १९८५ साली अमेरिकेतील केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळी रीत पुढे आणली. मांस काढलेल्या जागी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालच्या निरोगी पडद्याचा एक पातळ तुकडा आणून बसवायचा. हा तुकडा बारीक टाक्यांनी, विशिष्ट गोंदाने किंवा रोग्याच्याच रक्ताच्या गुठळीने चिकटवतात. या पद्धतीने मांस पुन्हा येण्याचे प्रमाण खूपच कमी झाले, पण शून्य झाले नाही.

आपल्याकडे संत्र्याची कलमे करणाऱ्यांना हे लगेच समजेल. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, पट्टीने बांधतात, आणि मग ती पट्टी कोणी चाळवत नाही. डोळा भरण्याचे काम काही मिनिटांचे. पण तो जीव धरेपर्यंत राखणीचे काम काही आठवड्यांचे. माणसाच्या डोळ्याचेही तसेच आहे. बसवलेल्या तुकड्याला आपल्याकडचे डॉक्टर कलमच म्हणतात. डॉक्टरांनी कलम बांधून दिले, आता ते जगवायचे आपण. आमचे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आले. बाकीचे तपशील ऐका.

पहिला दिवस पट्टीचा. बधिरपणा उतरला की डोळा दुखतो. डोळ्यात खडा किंवा कुसळ गेल्यासारखे वाटते, पाणी वाहते, उजेड सोसवत नाही. दुखण्याच्या जागा दोन असतात, एक जिथून मांस काढले ती आणि दुसरी जिथून तुकडा घेतला ती. हे तीन-चार दिवस चालते. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घ्यावी आणि डोळा मिटून पडून राहावे. या दिवसांत हात आपोआप डोळ्याकडे जातो. डोळा चोळायचा नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळण्याने कलम जागचे सरकू शकते. झोपेत हात जाऊ नये म्हणून रात्री प्लॅस्टिकचे कवच लावायला सांगतात, ते लावावे.

पट्टी निघाल्यावर घरच्यांनी घाबरू नये. डोळा लालभडक दिसतो. कलमाची जागा सुजलेली, फुगलेली असते. कधी पांढऱ्या भागात रक्त उतरलेले दिसते. आमच्या घरी आलेल्या एका आत्याबाईंनी 'डोळा गेला की काय' म्हणून डोळ्याला पदर लावला होता. हे रक्त दोन-तीन आठवड्यांत विरते. लाली त्याहून जास्त दिवस राहते आणि हळूहळू उतरते. दुखणे रोज थोडे कमी होत असेल तर सारे ठीक आहे असे समजावे. मात्र दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पू किंवा घट्ट चिकट स्राव येऊ लागला, दृष्टी एकाएकी कमी झाली किंवा कलम लोंबताना दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता थेंबांविषयी. आमच्या मते खरी परीक्षा इथेच आहे. आम्हाला जंतुनाशक थेंब काही दिवस आणि सूज उतरवणारे स्टिरॉइडचे थेंब सहा आठवडे दिले होते. चिठ्ठीवर लिहिले होते : पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच वेळा, असे उतरत सहाव्यात एक वेळ. कारकुनी सवयीप्रमाणे आम्ही बेरीज केली. आठवड्यांची बेरीज २१, तिला ७ दिवसांनी गुणले की १४७. म्हणजे अर्ध्या तासाच्या एका शस्त्रक्रियेमागे एकाच औषधाचे थेंब १४७ वेळा घालायचे! हे नुसते लक्षात ठेवून होणारे काम नाही. आम्ही एका जुन्या वहीत तारीख आणि वेळ यांचे रकाने आखले आणि थेंब घातला की बरोबरची खूण करायची असे ठरवले. ती वही आमच्या दहावीतल्या मुलीने सांभाळली. आमच्यापेक्षा तिचीच शिस्त कडक होती. तुमच्या डॉक्टरांचे प्रमाण वेगळे असेल, ते तसेच पाळावे. पण वही मात्र घालावी.

थेंब घालण्याचीही एक रीत आहे. आधी हात साबणाने धुवावेत. बाटलीवर 'हलवून वापरा' असे लिहिले असेल तर ती हलवावी, कारण औषध तळाशी बसलेले असते. मान मागे करावी, खालची पापणी बोटाने अलगद खाली ओढावी, तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा. डोळ्यात एका वेळी एका थेंबाहून जास्त मावत नाही. बाकीचे औषध गालावरून वाहून जाते आणि पैसेही त्याबरोबर जातात. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने हलकेच दाबून धरावा. म्हणजे औषध नाकात न उतरता डोळ्यात टिकते. दुसरे औषध घालायचे असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. मलम असेल तर ते शेवटी. उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नये.

स्टिरॉइडच्या थेंबांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हे औषध मित्रही आहे आणि शत्रूही. ते मध्येच बंद केले तर सूज उसळते आणि मांस पुन्हा येण्याचा धोका वाढतो. आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीच्या पुढे स्वतःच्या मनाने चालू ठेवले, तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. त्यातून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून पुन्हा तपासणीला बोलावतात तेव्हा जायचे. तिथे फक्त जखम पाहत नाहीत, दाबही मोजतात. आपल्या वस्तीत डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय बाटली आणण्याची पद्धत आहे. एकाच्या घरची उरलेली बाटली दुसऱ्याच्या घरी जाते. त्या बाटलीत स्टिरॉइड असू शकते. त्याने लाली झटकन जाते, म्हणून लोक त्याला 'गुणकारी' म्हणतात. माता-भगिनींनो, ही सवय मोडली पाहिजे. तसेच मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी, आईचे दूध, काजळ यांतले काहीही ताज्या जखमेच्या डोळ्यात घालू नये. त्याने जंतू आत जातात.

आंघोळीचे, कामाचे, वाचनाचे काय? पहिला आठवडाभर डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. अंगावरून पाणी घ्यावे, डोके मागे करून दुसऱ्याने धुऊन द्यावे. तळ्यात, विहिरीत किंवा पोहण्याच्या तलावात महिनाभर उतरू नये. जड ओझे उचलणे, बराच वेळ खाली वाकून काम करणे टाळावे. चुलीच्या धुरापासून लांब राहावे. कूलर किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नये, त्याने डोळा कोरडा पडतो आणि जास्त चुरचुरतो. दुचाकीवर बसायचेच झाले तर काच असलेले हेल्मेट घालावे. वाचण्याने किंवा दूरदर्शन पाहण्याने टाका तुटत नाही, पण डोळा थकला की मिटावा. नवा चष्मा मात्र घाईने करू नये. मांस निघाल्यावर पारपटलाचा ताण सुटतो आणि नंबर बदलत राहतो. तो स्थिर झाल्याचे डॉक्टर सांगतील तेव्हाच पैसे खर्च करावेत.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर निजवले. त्यानंतर त्यांनी भिक्खूसंघाला जे सांगितले त्यात शुश्रूषेला सोपा रोगी कोणता याच्या पाच खुणा आहेत. तो पथ्याचेच करतो. पथ्याचेही प्रमाण ओळखतो. औषध घेतो. आपले दुखणे वाढते की उतरते हे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. आणि वेदना सोसतो. बंधू-भगिनींनो, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून मिळणारा सूचनांचा कागद आणि या पाच खुणा शेजारी ठेवून पाहा. आम्हाला तरी त्यांत फरक दिसला नाही. आणि त्याच ठिकाणी शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय असावे, तेही सांगितले आहे. म्हणजे बरे होणे ही एकट्या रोग्याची जबाबदारी कधीच मानलेली नाही.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. इथवर सांगितलेले सारे आम्ही पाळले. ते आम्ही फार निग्रही आहोत म्हणून नव्हे. आम्हाला पगारी आजारी रजा मिळाली म्हणून! रजेच्या अर्जावर साहेबांची सही झाली आणि आम्ही घरी डोळा मिटून पडून राहिलो. महिन्याच्या शेवटी पगार खात्यात जमा झाला. पण आमच्या वस्तीत एक गवंडीभाऊ आहेत. त्यांचेही मांस त्याच पद्धतीने काढले होते, कलमही नीट बसले होते. पाचव्या दिवशी ते सिमेंट कालवायला गेले. घरात पीठ संपले होते. डोळ्याला काळा चष्मा होता, पण घामाने तो दहा वेळा काढावा लागे आणि हात सिमेंटचे. दुपारचे थेंब घालायला ना आरसा, ना स्वच्छ पाणी. थेंबांची दुसरी बाटली आणलीच गेली नाही. वर्षाच्या आत मांस पुन्हा आले, आणि पुन्हा येणारे मांस पहिल्यापेक्षा चिवट असते. लोक म्हणाले, 'याने पथ्य पाळले नाही.' आम्ही विचारतो, गवंड्याने आपला रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा होता?

हा प्रश्न नवा नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे देण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार आजारी पडला तर औषधाबरोबर बुडालेल्या मजुरीचाही काही भाग त्याला मिळावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. औषधाइतकीच विश्रांतीही लागते आणि विश्रांतीला पैसे लागतात, हे त्या कायद्याने ओळखले. पण नाक्यावर उभा राहणारा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, रस्त्यावर भाजी विकणारी आजी यांच्यापर्यंत तो विमा पोहोचलेला नाही.

तेव्हा आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, जे हक्काचे आहे ते घ्यावे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला आणि आपल्या राज्यात त्यांचे कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन तिथे नोंदणी करता येते. नोंदणी आजारपणाच्या आधी करायची असते, नंतर नव्हे. आपल्या पदवीधर मुलांनी वस्तीतल्या मजुरांचे अर्ज भरून द्यावेत, एवढी आमची विनंती आहे. शस्त्रक्रिया कोणत्या सरकारी योजनेत बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

दुसरी गोष्ट संस्थेपुरती. कारकून माणूस हिशेबाशिवाय बोलत नाही, म्हणून हिशेबच मांडतो. एका मजुराची रोजी ६०० रुपये धरली, तर १५ दिवसांचे ९,००० रुपये होतात. आपल्यापैकी ६० नोकरदार सभासदांनी दरमहा ५० रुपये बाजूला काढले तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० रुपये जमतील. म्हणजे वर्षाला चार घरांना आपण १५ दिवसांची रजा देऊ शकतो. ती भीक ठरणार नाही, ज्याला रजा आहे त्याने ज्याला रजा नाही त्याला दिलेली ती रजा ठरेल. १५ दिवसांत सहा आठवडे पुरे होत नाहीत, हे खरे. पण कलमाचे सर्वांत नाजूक दिवस तेवढ्यात निभावतात आणि पुढचे महिनाभर सावलीतले, हलके काम शोधता येते. संस्थेच्या कार्यकारिणीने या सूचनेवर विचार करावा.

तिसरी गोष्ट विद्यार्थी मित्रांसाठी. थेंबांची वही सांभाळायला पदवी लागत नाही. ज्या घरी म्हातारी माणसे एकटी आहेत किंवा अक्षरओळख नाही, तिथे शाळेत जाताना एकदा आणि येताना एकदा डोकावून थेंब घालून द्यावेत. हात धुऊन! आणि स्वतःच्या डोळ्यांची काळजी आजपासून घ्यावी. दुपारच्या उन्हात क्रिकेट खेळताना रुंद काठाची टोपी घालावी. गॉगल घ्यायचा तर नुसता काळा घेऊ नये. अतिनील किरण अडवणारा, 'यूव्ही ४००' असे लिहिलेला आणि बाजूंनीही डोळा झाकणारा घ्यावा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण अडले नाहीत तर ते उलट जास्त आत जातात. बांधकामावर जाणाऱ्या वडिलांना, काकांना पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक संरक्षक चष्मा आणून द्यावा. तो काळा नसला तरी अतिनील किरण अडवतो, धूळ आणि चुनाही अडवतो. वडील नाक मुरडतील. तरी आणून द्यावा.

शस्त्रक्रिया झाली की आजार संपला, असे समजू नये. मांस पुन्हा येते ते बहुधा पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात. म्हणून पहिला महिना, तिसरा महिना, सहावा महिना अशा ज्या तारखा दिल्या असतील त्या चुकवू नयेत. उन्हाचा चष्मा आणि टोपी मात्र जन्मभराची.

सारांश, चांगला शल्यविशारद मिळाला तर अर्धा तास त्याच्या हातात असतो. पुढचे सहा आठवडे रोग्याच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात असतात. पैसा आणि रजा असलेल्या माणसाचे कलम जगावे आणि मजुराचे मरावे, असा काही निसर्गाचा नियम नाही. डोळ्याला जात, हुद्दा, पगार यांतले काही कळत नाही. त्याला स्वच्छ हात, वेळेवर थेंब आणि सावली एवढेच कळते. या तीन गोष्टी आपल्या वस्तीतल्या प्रत्येक रोग्याला मिळतील असे करणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

 कार्यक्रम संपल्यावर थेंबांच्या वहीचे आखलेले कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या घरी गरज असेल त्यांनी अवश्य घेऊन जावेत.

सर्वांना सप्रेम जयभीम!